माझ्या फोनचं बिल कोण भरतं

आयुष्यातला पहिला फोन मी स्वतः केला तेव्हा मी ३४ वर्षांची होते. डेंटिस्टकडे केला, दाढ दुखत होती म्हणून. ऐकणाऱ्या लोकांना वाटेल यात काय लिहायचंय, पण मी जन्मापासून ठार बहिरी आहे, कानाचं मशीन लावलं तरी ट्रकचा हॉर्न तेवढा कळतो, तोसुद्धा कळतो म्हणजे छातीत जाणवतो. तर फोन हा प्रकार आमच्या घरात कायम दुसऱ्याच्या हातात. पुण्यात होते तोवर आई नाहीतर भाऊ, लग्न होऊन न्यू जर्सीला आले तेव्हापासून नवरा. तो ऐकणारा आहे, ऑफिसच्या मीटिंगमधून उठून माझी गायनॅकची अपॉइंटमेंट घ्यायचा बिचारा, आणि मग त्या रिसेप्शनिस्टने विचारलेले प्रश्न मला मेसेज करायचा आणि माझी उत्तरं तिला सांगायचा. कसले प्रश्न असतील ते बायकांना सांगायला नको.

कहर झाला तो बँकेमुळे. माझं कार्ड ब्लॉक झालं, नवऱ्याने फोन लावला, ते म्हणाले खातेदाराशीच बोलायचंय. तो म्हणाला ती बहिरी आहे. ते म्हणाले ठीक आहे, द्या तिला फोन. आता यावर काय बोलणार! शाळेत आम्हाला हात खाली ठेवून तोंडाने बोलायला शिकवलं होतं, ते सगळं शिक्षण आठवून मी फोनमध्ये माझं नाव आणि जन्मतारीख सांगितली, आणि पलीकडच्या बाईंना वाटलं काहीतरी गडबड आहे, त्यांनी अख्खं खातंच लॉक करून टाकलं.

त्याच सुमारास मी कम्युनिटी कॉलेजात अमेरिकन साइन लँग्वेज शिकत होते, एएसएल. आपली इंडियन साइन वेगळी, एएसएल वेगळी, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, सगळ्या जगातले बहिरे एकच खुणा करतात असं वाटतं. आपली एबीसीडी दोन हातांची, यांची एका हाताची, माझा डावा हात वर्षभर उगाचच मध्येमध्ये यायचा. तिथल्या एका मैत्रिणीला मी बँकेचा किस्सा सांगितला तर तिने असं बघितलं की मी चूल पेटवून आंघोळीचं पाणी तापवते असं म्हणाले असावे. म्हणाली, तुझ्याकडे व्हीआरएस नाही?

व्हीआरएस म्हणजे व्हिडिओ रिले सर्व्हिस. मोबाईलवर ॲप असतं, आपल्याला स्वतःचा दहा आकडी नंबर मिळतो, अगदी साधा फोन नंबर. मी नंबर डायल केला की स्क्रीनवर एक इंटरप्रिटर येतो, मी साइन करायचं, तो पलीकडच्या माणसाशी बोलतो, तो माणूस जे बोलेल ते मला साइन करून दाखवतो. पलीकडच्याकडे काहीही लागत नाही, साधा फोन पुरतो. माझ्या नंबरवर कोणी फोन केला तरी मध्ये इंटरप्रिटर आपोआप येतो. चोवीस तास, सातही दिवस. आणि मला शून्य डॉलर.

इथेच मी अडकले. फॉर्म भरायला बसले, नाव, पत्ता, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे, ९११ ला फोन केला तर ॲम्ब्युलन्स कुठे पाठवायची तो पत्ता, इथपर्यंत भराभर झालं आणि मग एक डिक्लेरेशन आलं. मला ऐकण्याचं अपंगत्व आहे, फोनवर बोलण्यासाठी मला या सेवेची गरज आहे, आणि याचा खर्च फेडरल फंडातून होतो हे मला समजलंय, अशा अर्थाचं. खाली सही. माझा हात थांबला. आमचे अप्पा फार ताठ, लहानपणी एसटीचा सवलतीचा पास काढून दिला नव्हता त्यांनी, म्हणायचे आपण तिकीट काढून जाऊ, कोणाचे उपकार नकोत. त्या एका वाक्यामुळे मी तो फॉर्म दोन आठवडे तसाच ठेवला होता. नवरा म्हणाला, अगं सही कर आणि मला सोडव.

मग मी वाचत बसले की हा पैसा येतो कुठून. १९९० साली इथे अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट झाला, एडीए, त्याच्या चौथ्या भागात लिहिलंय की बहिऱ्या माणसाला ऐकणाऱ्यासारखाच फोन वापरता आला पाहिजे, आणि ती सोय करायची जबाबदारी टाकलीय टेलिफोन कंपन्यांवर. १९९३ पासून देशभर रिले, म्हणजे मध्ये माणूस ठेवून फोन जोडून द्यायची सोय, सुरू झाली, तेव्हा टाइपरायटरसारखं टीटीवाय मशीन असायचं. व्हिडिओवाल्या सेवेला फंडातून पैसे द्यायचं एफसीसीने, म्हणजे इथल्या फोन-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००० साली ठरवलं. तर हा टीआरएस फंड, टेलिकम्युनिकेशन्स रिले सर्व्हिसचा, म्हणजे कोणाची देणगी नाही आणि इन्कम टॅक्सचा पैसापण नाही. फोन कंपन्या, इंटरनेटवरून फोन देणाऱ्या कंपन्यासुद्धा, आपल्या कमाईचा ठरलेला हिस्सा त्यात भरतात, तो हिस्सा किती हे एफसीसी दरवर्षी ठरवते, आणि कंपन्या तो अर्थातच गिऱ्हाइकांकडूनच काढतात. म्हणजे आमच्या घरच्या फॅमिली प्लॅनमधूनही जातोय! मी इथे आल्यापासून सहा वर्षं माझ्या नावावर एक लाइन होती, जिच्यावरून मी कधी एक शब्द बोलले नव्हते, आणि तिच्या बिलातून या सेवेचे पैसे जात होते. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला मग आता वसूल कर. केली सही.

पण सही करून संपत नाही. दोन दिवसांनी ईमेल आला, व्हेरिफिकेशन फेल. सगळ्यांची माहिती एका मध्यवर्ती डेटाबेसला जाते आणि तिथे तुम्ही खरंच आहात का, दिलेल्या पत्त्यावर राहता का, हे तपासतात. आता माझं असं की घराचं लीज नवऱ्याच्या नावावर, लाइटबिल त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, आणि माझ्या पासपोर्टवर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी गाडी, तर ग्रीन कार्डवर मधलं नाव पहिल्या नावाला चिकटून एकच लांबलचक नाव झालेलं. अमेरिकेच्या हिशोबाने मी दोन वेगळ्या बायका होते आणि दोघींचाही पत्ता नव्हता. मी व्हीआरएस देणाऱ्या कंपनीला लिहिलं, त्यांनी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा पाठवा म्हणून उत्तर दिलं, मी पासपोर्ट पाठवला, पत्त्यासाठी काय पाठवू कळेना, शेवटी त्या बँकेचंच स्टेटमेंट पाठवलं, जिने खातं लॉक केलं होतं. त्यावर नाव बरोबर होतं. एवढं तरी केलं त्यांनी माझ्यासाठी. एकदा फोटो ब्लर आहे म्हणून परत आलं, एकदा नुसतंच परत आलं, कारण नाही. पाच आठवडे गेले एकूण.

मी चिडले होते, मैत्रिणीला म्हटलं एवढं तर व्हिसाला विचारलं नव्हतं. तर ती म्हणाली यात आपल्याच बहिऱ्या लोकांचा हात आहे बरं का. झालं काय, व्हीआरएसच्या कंपनीला फंडातून पैसे मिळतात ते मिनिटावर. रिंग वाजत असते त्याचे नाही, बोलणं चालू असतं त्या मिनिटांचे. आणि २००९ च्या आसपास हा दर मिनिटाला सहा डॉलरच्या वर होता. मग काहींनी डोकं चालवलं, नुसते कॉल लावून ठेवायचे, पलीकडे रेकॉर्ड केलेलं काहीतरी वाजतंय, इंटरप्रिटर ते साइन करतोय, बघणारा कोणी नाही, मीटर चालू. कॉल लावणाऱ्यालाही पैसे द्यायचे. नोव्हेंबर २००९ मध्ये २६ जणांवर फेडरल खटले भरले. त्यानंतर नियम आवळले, २०१३ साली तो डेटाबेस करायचं ठरलं, आणि दर सहा महिन्यांनी दर कमी करत नेला. तो २०२३ मध्ये परत वाढवला, छोट्या कंपन्यांना जास्त, मोठ्यांना कमी. म्हणजे चोरांनी चोरी केली आणि माझ्या लाइटबिलावर नाव नाही म्हणून मी पाच आठवडे थांबले. पण खरं सांगू का, मला तपासणीचा राग नाही, पैसा सगळ्यांचा आहे तर विचारणारच. राग याचा की तपासणारं मशीन असं धरून चालतं की प्रत्येकीच्या नावावर एखादं तरी बिल असतंच.

असो. नंबर आला. पहिला कॉल डेंटिस्टकडे. इंटरप्रिटर आली, नाव सांगत नाहीत, एक नंबर सांगतात फक्त. तिने मला दाखवलं, रिंग वाजतेय, वाजतेय, बाईने उचलला, आणि मग, ठेवला. परत लावला. परत ठेवला. रिले म्हटलं की लोकांना टेलिमार्केटिंग वाटतं. मी तिला म्हटलं यावेळी सुरुवातीलाच सांग की दाढ दुखणारी पेशंट बोलतेय. चालला तो मंत्र! गुरुवारी साडेदहाची वेळ मिळाली. मी फोन ठेवला आणि किचनमध्ये जाऊन नुसतीच उभी राहिले थोडा वेळ. नवऱ्याला मेसेज केला, गुरुवारी साडेदहा. तो म्हणाला कोणी फोन केला?

गुरुवारी क्लिनिकमध्ये मी हुशारी करायला गेले. डॉक्टर समोर, मी व्हीआरएस उघडलं, म्हटलं आता यातूनच बोलू. इंटरप्रिटरने नम्रपणे सांगितलं, तुम्ही दोघं एकाच खोलीत आहात, मला हा कॉल करता येणार नाही. कारण फंड आहे तो फोनसाठी. समोरासमोर बोलायला इंटरप्रिटर लागला तर तो क्लिनिकने आपल्या खर्चाने आणायचा, तो त्यांच्यावर कायदाच आहे. क्लिनिकला याची कल्पनाच नव्हती, मग चिठ्ठ्यांवर भागवलं. दाढ काढायची गरज नव्हती, एवढं कळलं.

बाकी कामाच्या गोष्टी पटकन सांगते. इंटरप्रिटर बाईच हवी असं मागता येतं, शक्यतो देतात, गायनॅकसाठी मी मागतेच. कॉलमध्ये काय बोलणं झालं ते त्यांनी बाहेर सांगायचं नसतं, नोंदही ठेवायची नसते. घर बदललं तर ९११ चा पत्ता आठवणीने बदला. कंपनी आवडली नाही तर नंबर तोच ठेवून दुसरीकडे जाता येतं, मी एकदा गेले. इंटरप्रिटर यायला साधारण मिनिटभर लागतं, नियम असा की ८० टक्के कॉल १२० सेकंदांत घ्यायला हवेत. सोमवारी सकाळी मी नेमकी त्या उरलेल्या वीस टक्क्यांत असते. आणि भारतात जाणार असाल तर आधी कळवा. अमेरिकेबाहेरून केलेल्या कॉलचे पैसे फंड देत नाही, फक्त आधी तारखा कळवल्या तर चार आठवड्यांपर्यंत चालतं. मी पाच आठवडे गेले होते. पाचव्या आठवड्यात पुण्यात बसून इथल्या इन्शुरन्सचं काम परत भावाच्या गळ्यात.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं होतं ती. व्हीआरएस दोनच जोड्यांत मिळतं, एएसएल आणि इंग्लिश, नाहीतर एएसएल आणि स्पॅनिश. मराठी नाही. असणार तरी कशी, पण हे मला फॉर्म भरताना सुचलंच नव्हतं. मागच्या वर्षी सासूबाई सहा महिने राहायला आल्या, त्यांना इथला फोन घेऊन दिला. मी एक दिवस लायब्ररीतून त्यांना व्हीआरएसवरून फोन केला, उत्साहात. इंटरप्रिटरने इंग्लिशमध्ये सुरुवात केली, त्यांनी नो नो नॉट इंटरेस्टेड म्हणून ठेवला. त्यांना नवऱ्याने तेवढंच शिकवून ठेवलं होतं. घरी येऊन मी वहीत लिहून समजावलं की आई तो माझाच फोन असतो. दुसऱ्या दिवशी परत केला. इंटरप्रिटर तरुण मुलगा होता, त्याने मला साइन केलं, त्या दुसऱ्या कुठल्यातरी भाषेत बोलतायत, मला ती येत नाही.

मी त्याला म्हटलं थांब. आणि एकेक अक्षर, बोटांनी, एका हाताच्या एबीसीडीत स्पेलिंग करून दाखवलं, जे, ई, व्ही, एल, ए, टी. थोडं थांबून के, ए. म्हटलं, हे जसं दिसतंय तसं वाच. त्याने वाचलं. काय वाचलं देव जाणे. मग त्याचा चेहरा बदलला, तो हसायला लागला, मला दाखवलं की त्या खूप हसतायत, अजून हसतायत. मग त्याने कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि हळूहळू दोन अक्षरं दाखवली. एच, ओ.

मिनिटभराचा कॉल झाला असेल. घरी गेले तर सासूबाईंनी वहीत लिहून ठेवलं होतं, तुझा तो मुलगा मला जेव्हलॅट का म्हणाला, उद्या त्याच्याकडून भाजी कुठली करू ते विचार.