तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तकाला कात्री लावताना

माझ्या घरी येणारी व्यक्ती बैठकीच्या खोलीतल्या फळीवरची ती जाडजूड, कडांतून दोरे आणि कागदाचे कपटे बाहेर डोकावणारी पुस्तके हातात घेते, चार पाने उलटते आणि मग बहुधा एकच प्रश्न विचारते: "पुस्तकाला कात्री लावायला तुमचा हात धजतो कसा?" कुणी ते कुतूहलाने विचारते, कुणी दुखावलेल्या स्वरात. प्रश्न रास्त आहे. पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात टेकवून तो कपाळाला लावायचा आणि दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून वह्या-पुस्तकांची पूजा करायची, अशाच घरात मीही वाढले. म्हणून या प्रश्नाला नीट उत्तर देणे लागते.

आधी मी नेमके काय करते ते सांगते. वाचून संपलेले, कालबाह्य झालेले किंवा रद्दीत निघालेले एखादे शिवणीचे, म्हणजे दोऱ्याने शिवून बांधलेले, पुस्तक घ्यायचे, त्याची काही पाने काढायची, काही एकमेकांना चिकटवून जाड करायची, त्यांवर पांढऱ्या रंगाचा इतका पातळ हात द्यायचा की खालची अक्षरे धुक्यातून दिसावीत तशी दिसत राहतील, आणि मग त्या पृष्ठांवर घरातल्याच वस्तू बसवायच्या: लग्नपत्रिकेचा सोनेरी गणपती, काडेपेटीवरचे चित्र, एसटीचे तिकीट, पतंगाचा कागद, सुतळी, बारदानाचे धागे, जुन्या साडीचा काठ. असल्या पुस्तकाला इंग्रजीतून आलेले आल्टर्ड बुक हे नाव आता आपल्याकडेही रुळले आहे. छापील मजकूर पूर्ण झाकायचा नसतो. जुने पुस्तक आणि नवे काम ही दोन्ही एकाच पानावर दिसली पाहिजेत.

हात धजतो, पण एका अटीवर. ती अट मला एका चुकीने शिकवली.

या कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी माळ्यावरच्या ट्रंकेत आजीच्या वेळचे एक पंचांग सापडले. तिथी-नक्षत्रांचे ते बारीक अक्षरांतले कोष्टक, त्याभोवतीच्या दुहेरी रेघा, कडेने तपकिरी होत गेलेला कागद हे सारे मला इतके आवडले की मी त्याच संध्याकाळी त्याच्या पट्ट्या कापल्या आणि एका पुस्तकात फेविकॉलने चिकटवून टाकल्या. आठवड्याने उरलेले तुकडे आवरताना एक पट्टी उलटी पडली, आणि तिच्या पाठच्या कोऱ्या भागात आजीचे पेन्सिलीतले अक्षर दिसले. दुधाच्या रतिबाचा हिशोब होता, आणि त्याखाली धाकट्या काकांच्या पहिल्या दाताबद्दलचे एक वाक्य. वाक्याचा पुढचा अर्धा भाग मी चिकटवलेल्या पट्टीच्या पाठीवर होता. ओला कापूस ठेवून ती पट्टी सोडवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. कागदाचे पापुद्रे निघाले, पट्टी निघाली नाही.

त्या दिवसापासून कागद उलटून पाहिल्याशिवाय आणि वाचल्याशिवाय मी तो कापत नाही. पुस्तकाचा अपमान त्याला कात्री लावल्याने होतो असे मला वाटत नाही. न पाहता, न वाचता लावल्याने मात्र नक्की होतो. रद्दीच्या गाडीवर वर्षानुवर्षे न उघडता पडलेले पुस्तक लगद्याकडे जाते तेव्हा त्याची कुणी साधी दखलही घेत नाही, याचे मला जास्त वाईट वाटते.

काय कापायचे नाही, याविषयी मी अतिशय कडक आहे. हस्तलिखित, पत्र, मूळ छायाचित्र, सही असलेली प्रत यांना कात्री लागत नाही. त्यांतले काही हवेच असेल तर झेरॉक्स काढून ती वापरते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फिरताना कधी मोडी लिपीतला एखादा कागद दृष्टीस पडतो आणि त्याची वळणे पाहून कलाकाराला मोह होतोच. पण मोडी वाचता येत नसेल तर तो कागद जमिनीच्या व्यवहाराचा आहे की कुणाच्या घरच्या किराण्याचा, हे आपल्याला कळत नाही, आणि जे वाचता येत नाही ते कापण्याचा अधिकार आपल्याला नाही. असे कागद भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, 1910 पासून जुन्या कागदपत्रांचे काम करणाऱ्या संस्थेतल्या जाणकारांना दाखवावेत. याउलट करकायद्याचे जुने मार्गदर्शक, बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडे, दूरध्वनीच्या डिरेक्टऱ्या यांच्याबाबत मनात किंतु राहत नाही. त्यांचा कागद, टंक आणि कोष्टके सुंदर असतात, आणि त्यांच्या प्रती हजारोंनी छापलेल्या असतात.

फेविकॉलने मला जो धडा दिला, त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. पांढरा डिंक सुकला की त्याचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा होतो आणि तो पाण्याने पुन्हा मूळ स्थितीत येत नाही. मैद्याची खळ मात्र ओलाव्याने पुन्हा मऊ होते आणि कागद अलगद सुटतो. म्हणून जो तुकडा पुढे कधी काढावा लागेल अशी शंकाही असेल, तो मी खळीनेच लावते. पुठ्ठा, बटण, कापडाचा जाड काठ अशा वजनदार गोष्टींना फेविकॉल. खळ करणे सोपे आहे. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवायचा, मग एकूण पाच-सहा वाट्या पाणी होईल असे पातळ करून मंद आचेवर सतत ढवळायचे आणि पांढरेपणा जाऊन ती थोडी पारदर्शक झाली की उतरवायची. जुने बुकबाइंडर कसर आणि झुरळे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी असल्याने मुलांबरोबर काम करताना मी तो अजिबात वापरत नाही. थोडीशीच खळ करते आणि दोन दिवसांत संपवते.

पाने काढण्याचीही एक रीत आहे. शिवणीच्या पुस्तकात एका बाजूचे पान हे दुसऱ्या बाजूच्या पानाशी मधल्या घडीतून जोडलेले असते, त्यामुळे एक मुळापासून ओढले की त्याचे जोडपान सैल होऊन पुढे कधीतरी गळून पडते. म्हणून शिवणीपाशी बोटभर कागद शिल्लक ठेवून पान कापायचे. दर तिसरे-चौथे पान काढले तर वर चिकटवलेल्या वस्तूंना जागा होते आणि पुस्तक फुगून बांधणी तुटत नाही. नुसत्या डिंकाने बांधलेल्या पुस्तकाच्या वाट्याला मी जात नाही. चार पाने काढताच बाकीची सुटू लागतात.

रंगांच्या बाबतीत घरातले सगळेच टिकते असे समजू नये. हळदीच्या पाण्यात बुडवलेला कागद पहिल्या दिवशी अप्रतिम दिसतो आणि त्यावर चुन्याचे बोट फिरवले की तो कुंकवासारखा लाल होतो. मुलांना हे दाखवताना मला आजही आनंद होतो. परंतु हळदीचा रंग उन्हात फार लवकर विटतो, म्हणून तो मिटलेल्या पुस्तकाच्या आतच शोभतो. वर्तमानपत्राचा कागद यांत्रिक लगद्याचा असतो, त्यात लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन हे द्रव्य शिल्लक राहते आणि हवा-उजेडाने तो पिवळा, मग ठिसूळ होतो. चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात हा दोष नसतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात परंपरेने होत आलेला कागद हाताळला की दोन्हींतला फरक बोटांनाच कळतो.

काही जण असेही म्हणतात की ही परदेशातून आलेली हौस आहे. जर्मनीतल्या हानोव्हरचे चित्रकार कुर्ट श्विटर्स यांनी 1919 पासून ट्रामची तिकिटे, वेष्टने आणि फेकलेले कागद यांतून चित्रे रचली आणि 'कॉमर्झ' या बँकेच्या नावातला 'मर्झ' एवढा तुकडा कापून आपल्या साऱ्या कामाला तेच नाव दिले, हे खरे आहे. पण राजा रविवर्म्यांच्या 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेल्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघरी पोहोचली, तेव्हा पुष्कळ घरांतून त्या छापील देवींना खऱ्या कापडाची लुगडी नेसवण्यात आली, जरीचे काठ आणि चमकत्या टिकल्या लावण्यात आल्या आणि मग त्या तसबिरी काचेआड गेल्या. छापलेल्या कागदावर घरातली चिंधी आणि टिकली लावून त्याला आपले करून घेणे हेच ते काम आहे, आणि त्या हातांना त्यात चित्राचा अपमान दिसला नाही. ती त्यांची पूजाच होती.

पुस्तकाला कात्री, शाई आणि रंग लावणाऱ्यांत माझ्यासाठी सर्वांत मोठे नाव इंग्लंडचे चित्रकार टॉम फिलिप्स यांचे आहे. त्यांनी 1966 साली लंडनमधल्या पेकहॅमला तीन पेन्सना विकत घेतलेली 1892 ची एक विस्मृतीत गेलेली कादंबरी पानापानाने रंगवली, काही शब्द तेवढे उघडे ठेवले, आणि हे काम 2016 मध्ये शेवटची आवृत्ती निघेपर्यंत पुन्हा पुन्हा केले. पन्नास वर्षे एकच पुस्तक! कुठला शब्द राहू द्यायचा हे ठरवण्यासाठी प्रत्येक ओळ किती वेळा वाचावी लागली असेल, याचा विचार केला की ती कादंबरी त्यांच्याइतकी काळजीपूर्वक दुसऱ्या कुणी वाचली असेल असे मला वाटत नाही.

आजीच्या पंचांगाच्या पट्ट्या असलेले पुस्तक अजून त्याच फळीवर आहे. पाठच्या लिखाणाची उरलेली पट्टी मी त्याच पृष्ठावर, वरच्या कडेला खळीचा एकच ठिपका देऊन, उलटता येईल अशी लावली आहे. धाकटे काका मागच्या दिवाळीत आले होते तेव्हा त्यांना ती दाखवली. त्यांनी चष्मा काढून अक्षर जवळून पाहिले, अर्धे वाक्य मोठ्याने वाचले आणि उरलेले अर्धे ज्या पट्टीखाली आहे तिच्या कडेवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले.