रात्री मुक्काम कुठे? तुम्ही विचारलंत म्हणून

मी अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल ही लांब पायवाट चालते असं कळलं की लोक आधी अस्वलांबद्दल विचारतात आणि लगेच त्यामागून हा प्रश्न येतो: “रात्री झोपता कुठे? त्या शेल्टरमध्ये अनोळखी माणसांच्या रांगेत, की रानात एकट्याच तंबू लावून?” विचारणारी बाई असली तर आवाज जरा खाली येतो. तिला खरं तर विचारायचं असतं, यातलं कमी भीतीचं कुठलं? पुढच्या मार्चमध्ये निघायच्या आधी तुम्हीही हेच विचारलंत.

माझी संध्याकाळ शेल्टरमध्ये जाते आणि रात्र तंबूत. हे उत्तर सापडायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ही वाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत जाते. चौदा राज्यं, सुमारे ३,५०० किलोमीटर. काही जण ती एका दमात, पाच-सात महिन्यांत चालतात. मी सुट्टी मिळेल तशी तुकड्या-तुकड्यांनी चालत आले आहे. वाटेवर अडीचशेहून जास्त शेल्टर आहेत, सरासरी बारा-तेरा किलोमीटरवर एक. शेल्टर म्हणजे तीन भिंती, वर छप्पर, चौथी बाजू उघडी आणि जमिनीपासून थोडा उंच फळ्यांचा ओटा. त्यावर सहा, आठ, क्वचित पंधरा माणसं अंगाला अंग लावून झोपतात. जवळ पाणी असतं, बहुतेक ठिकाणी शौचालयही असतं. बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत, आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा. (स्मोकी पर्वतांत मात्र वेगळं आहे, त्याच्याकडे येतेच.) हे सगळं उभं करणारे आणि दुरुस्त ठेवणारे बहुतांशी स्वयंसेवक आहेत. सुट्टीच्या दिवशी पाठीवर पत्रे आणि फळ्या वाहून ते डोंगर चढतात. शेल्टरबद्दल तक्रार करायला तोंड उघडलं की मला आधी ती माणसं आठवतात.

शेल्टर ही नंतर सुचलेली सोयही नव्हे. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये या वाटेची कल्पना मांडली, तेव्हाच त्यांनी एकेका दिवसाच्या चालीवर निवारे असावेत असं लिहिलं होतं. माणसांनी नुसतं डोंगरातून जाऊ नये, डोंगरात एकमेकांना भेटावं, हे त्यांच्या मनात होतं. एखाद्या शेल्टरमध्ये संध्याकाळी सहाला पोचलात की ते काय म्हणत होते ते कळतं. पाच-सहा छोटे स्टोव्ह फुरफुरत असतात. कोणी पायाच्या फोडाला टेप लावत असतो. उद्याच्या वाटेवरचा झरा आटला आहे, हे समोरून आलेला सांगतो. इथे कोणी खरं नाव विचारत नाही, वाटेवर मिळालेलं टोपणनाव पुरतं. दिवसभर एकटं चालल्यावर त्या तासाभराच्या गप्पांची मला जी ओढ लागते तशी घरी कधी लागत नाही. पहिल्या वर्षी मी त्याच ओढीने तिथे झोपायचेही.

झोप मात्र लागायची नाही. घोरणं हे सगळ्यांना माहीत असलेलं कारण आहे, त्यावर कानात बोळे घालता येतात. उंदरांवर तसा उपाय नाही. जिथे रोज रात्री जेवण सांडतं तिथे उंदीर वस्तीला येणारच. छपराच्या वाशाला दोऱ्या टांगलेल्या असतात, मधोमध एक पत्र्याचा डबा उलटा ओवलेला, म्हणजे उंदीर दोरीवरून उतरताना डब्यावर अडकावा. सॅक टांगताना तिचे सगळे कप्पे उघडे ठेवायचे, नाहीतर आत काय आहे हे बघायला ते कापड कुरतडतात. त्यांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका. त्यातला हंताव्हायरस हा विषाणू धुळीबरोबर श्वासातून आत जातो.

नोरोव्हायरस त्याहून जास्त भेटतो. एकाला उलट्या सुरू झाल्या की दोन दिवसांत पुढच्या तीन शेल्टरमधली माणसं आडवी. हाताला लावायचं अल्कोहोल त्यावर फारसं चालत नाही. साबण आणि पाणीच हवं, आणि तेही झऱ्यापासून लांब. मी तेव्हापासून साबणाचा तुकडा सॅकच्या वरच्याच कप्प्यात ठेवते. अनोळखी माणसाने पुढे केलेल्या खाऊच्या पाकिटात हात घालत नाही, त्याला माझ्या तळव्यावर ओतायला सांगते. कोणाला याचं वाईट वाटलेलं मी पाहिलेलं नाही.

तरीही मी शेल्टर सोडलं ते उंदरांमुळे किंवा आजारामुळे नाही. स्मोकीजमध्ये डेरिक नॉबच्या शेल्टरमधली एक रात्र त्याचं कारण आहे.

ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात ही वाट सुमारे ११५ किलोमीटर जाते आणि तिथला नियम कडक आहे. माझ्यासारख्या तुकड्यांनी चालणाऱ्यांनी प्रत्येक रात्रीची जागा आधी आरक्षित करायची आणि तिथेच झोपायचं. सलग चालणाऱ्यांना विशिष्ट रात्रीचं आरक्षण लागत नाही, त्यांनी शेल्टरमध्ये झोपायचं, पण आरक्षणवाला आला आणि जागा नसली तर त्यांनी उठून बाहेर तंबू लावायचा. एप्रिल होता आणि दुपारपासून डोंगराच्या धारेवर पाऊस चालू होता. मी पोचले तेव्हा अंधार पडत आला होता आणि झोपायचे वरचे-खालचे दोन्ही ओटे भरले होते. मी आरक्षणाचं काही बोलले नाही. माझ्या सॅकवरच्या आरक्षणाच्या कागदाकडे एका मुलाचं लक्ष गेलं आणि तो स्लीपिंग बॅगमधून उठून बसला. वीस-बावीस वर्षांचा असेल. “तुमची जागा आहे, या,” म्हणाला आणि अर्धवट वाळलेली बॅग गुंडाळायला लागला.

मी नको म्हटलं. सरकून जागा करू म्हटलं. सरकायला जागा नव्हती. तो जॉर्जियापासून चालत आला होता, मी तीन दिवसांपूर्वी गाडीतून उतरले होते. नियमाने जागा माझीच होती आणि मला बाहेर झोपायची मुभाही नव्हती. मी त्याच्याबरोबर पावसात गेले, एका हाताने टॉर्च धरला, दुसऱ्याने तंबूचा कोपरा ओढून धरला. वर बघून जागा निवडू या, एवढं मी त्याला म्हणू शकले, कारण त्या उद्यानातली हेमलॉकची बरीच झाडं परदेशातून आलेल्या एका किडीने मारून ठेवली आहेत आणि वाळलेलं उभं झाड वाऱ्यात केव्हा पडेल सांगता येत नाही. मग मी आत येऊन त्याच्या अंगाने ऊबदार झालेल्या फळीवर झोपले. झोपले म्हणजे आडवी झाले. बाहेर तंबूच्या कापडावर पाऊस वाजत होता आणि मी तो रात्रभर ऐकला.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्या उद्यानात शेकडो माणसं एका चिंचोळ्या धारेवरून जातात, सगळ्यांनी कुठेही तंबू लावले तर तिथे गवत उरणार नाही. पण त्या रात्रीपासून मला शेल्टरमधली फळी वेगळी दिसायला लागली. ज्याचा तंबू फाटला आहे, ज्याला ताप आहे, जो भिजून कुडकुडत रात्री नऊला पोचतो, ती जागा त्याची. माझ्याकडे कोरडा तंबू आहे आणि हातपाय धड आहेत, तर मी ती अडवायची कशाला? म्हणून जिथे नियम मला मोकळं सोडतो तिथे फळी रिकामी दिसली तरी मी तंबूच लावते.

आता भीतीबद्दल, कारण प्रश्न त्याचा होता.

अस्वलांच्या बाबतीत शेल्टर जास्त सुरक्षित नाही. वर्षानुवर्षं अन्नाचा वास जिथे येतो तिथेच अस्वल फिरकतं. स्मोकीजमधल्या शेल्टरना पूर्वी पुढून तारेची जाळी असायची, माणसं पिंजऱ्यात आणि अस्वलं बाहेर. त्या जाळ्या पुढे काढून टाकल्या आणि अन्न टांगायला तारा बसवल्या. कामाची गोष्ट ती दुसरी. अन्न, टूथपेस्ट, मलम, वास येणारं सगळं झोपायच्या जागेपासून लांब. तार नसेल तर फांदीवरून चार मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर दूर टांगायचं, नाहीतर अस्वलाला न उघडणारा कडक डबा वाहायचा. मी डबा वाहते. जड आहे, पण संध्याकाळी त्यावर बसता येतं.

माणसांच्या बाबतीत तंबूने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढे निघून जायची मोकळीक. एकदाच असं झालं. शेल्टरमध्ये एकटाच माणूस होता, वाईट काही बोलला नाही, पण मी एकटी आहे का, हे त्याने तीनदा विचारलं. मी पाणी भरलं, “मागून माझी मंडळी येताहेत” म्हटलं आणि अंधार पडेपर्यंत पाच किलोमीटर चालले. शेल्टरच्या भरवशावर निघाले असते तर तिथेच थांबावं लागलं असतं. पोटात गोळा आला की कारण शोधत बसू नका, चालू लागा.

पण एकटीने कुठेतरी झाडीत तंबू लावायचा आणि कोणालाच पत्ता नसायचा, हेही मला मान्य नाही. २०१३ च्या जुलैत मेनमध्ये एक अनुभवी बाई सकाळी लीन-टूमधून निघाल्या (तिकडे शेल्टरला लीन-टू म्हणतात). वाटेतून जरा बाजूला गेल्या आणि परतीची वाट चुकल्या. मोठा शोध झाला. त्या दाट झाडीत तंबू लावून काही आठवडे जिवंत होत्या, पण सापडल्या नाहीत. दोन वर्षांनी त्यांचा तंबू मिळाला. त्या सकाळी लीन-टूमध्ये सोबत असलेल्या बाईने त्यांचा फोटो काढला होता, तोच शेवटचा. मी मेनमध्ये चालले तेव्हा रोज त्यांची आठवण यायची. वाट सोडून पाच पावलं जरी गेले तरी काठी जमिनीत रोवून, मागे वळून बघून जायचे.

म्हणून प्रत्येक शेल्टरपाशी थांबते, राहणार नसले तरी. तिथे एक वही असते. तीत तारीख, वाटेवरचं नाव, आले कुठून आणि चालले कुठे, एवढं लिहिते. आज नक्की कुठे झोपणार ते लिहीत नाही. ते उपग्रहावरच्या संदेशाने घरी कळवते.

तुम्ही पुढच्या मार्चमध्ये निघणार म्हणालात. स्प्रिंगरच्या माथ्यावरून चार-साडेचार किलोमीटरवर स्टोव्हर क्रीकचं शेल्टर आहे, पहिल्या दिवसाला तेवढं चालणं पुरे. तिथे गर्दी असेल. तंबू उजेडातच लावून घ्या, पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं तरी दूर, वर वाळकी फांदी नाही ना ते बघून, आणि खोलगट जागी नको, थंडी आणि दव तिथेच साचतं. मग भांडं आणि चमचा घेऊन शेल्टरकडे या. रात्री नऊला सगळे टॉर्च विझवतात, तोवर बसा. तंबूत परत गेल्यावर पहिला तासभर प्रत्येक पान वाजलं की उठून बसाल. मीही बसले होते. तुमच्या तंबूतून शेल्टरमधल्या कोणाचं तरी घोरणं ऐकू येईल इतक्या अंतरावर त्या रात्री राहा.