मीठफुटीच्या रानात पिकं लावताना

आमच्या शिरोळ भागात रानावर पांढरा थर आला की ‘मीठफुटी झाली’ म्हणायचं आणि ते रान सोडून द्यायचं, अशी एक रीतच पडली आहे. ओढ्याकडचं आमचं रान माझ्याकडे आलं तेव्हा वरच्या अंगाला गुडघ्याएवढा ऊस होता आणि खालच्या अंगाला नुसती हरळी. भर दुपारी उसाची पानं सुरळी करून उभी, आणि पायाखाली मात्र चिखल. चुलते म्हणाले, “पाणी कमी पडतंय, अजून एक पाळी दे.” पाणी तर भरपूर होतं, पण ते मिठाने धरून ठेवलेलं. मातीतलं पाणी खारट झालं की मुळांना ते ओढता येत नाही.

आधी माती तपासली. वरचा एक फूट, त्याखालचा आणि त्याच्याही खालचा, असे थर वेगळे ठेवले. पांढरा पापुद्रा खरवडून निराळा बांधला, नाहीतर तोच सगळा नमुना बिघडवतो. अहवालात सामू (pH) 8.9, विनिमयक्षम म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम 24 टक्के आणि क्षारता 1.9 (डेसिसायमन प्रति मीटर). शेवटचा आकडा बघून घरचे खूश, कारण धोक्याची रेघ 4 ला आहे असं सगळ्यांनी ऐकलेलं. पण ती रेघ संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याची. इथे एक भाग माती अडीच भाग पाण्यात ढवळून मोजलं होतं, म्हणजे मीठ आधीच पातळ झालेलं. संपृक्त अर्काचा आकडा मागून घेतला तर तो 4 च्या वर निघाला. रान खारवटही होतं आणि चोपणही. अहवाल हातात आला की कोणत्या पद्धतीने मोजलं हे विचाराच.

दोन्ही दुखणी वेगळी असतात. खारवटपणात झाड तहानतं. चोपणपणात सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, भेगा-छिद्रं बुजतात, पाणी वरच तुंबतं आणि मुळांना हवा मिळत नाही. आत आलेलं सोडियम परत बाहेर ढकलायला मुळाला ताकद लागते आणि ताकदीला हवा लागते. म्हणून तुंबलेल्या रानात तेवढंच मीठ जास्त मारतं.

शेजाऱ्यांना राजी करून ओढ्यापर्यंत सामाईक निचरा काढला. जमिनीखाली भोकांच्या, कापडी गाळणी गुंडाळलेल्या पाइपा टाकल्या. उतार एकसारखा ठेवणं हेच त्यातलं खरं काम. त्यानंतर जिप्सम. नदीचं गोडं पाणी सोडून आधी मीठ धुवायची घाई पुष्कळजण करतात. त्यात मीठ जातं, पण मातीला चिकटलेलं सोडियम मागे राहतं आणि रान आणखी घट्ट बसतं. जिप्सममधल्या कॅल्शियमने त्याची जागा घेतली की ते सुटतं, आणि मग पाण्याबरोबर पाइपातून निघून जातं.

एवढं झाल्यावरही लगेच ऊस लावला नाही. कुठलं पीक मिठाशी कसं वागतं ते बघून क्रम ठरवला. चुलत्यांना हे पटायला वेळ लागला.

पहिला मान धैंच्याला, म्हणजे हिरवळीच्या खताच्या पिकाला. पाण्यात पाय बुडाले तरी त्याच्या खोडात हवेच्या पोकळ्या तयार होतात आणि वरची हवा मुळापर्यंत पोचते. फुलावर यायच्या आत तो गाडला. कुजताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याने मातीतला चुना थोडा विरघळतो आणि फुकटचं कॅल्शियम मिळतं.

रब्बीत शेजारी शेजारी गहू लावला, एका पट्ट्यात साधा रोटीचा, दुसऱ्यात खपली. खपलीची खालची पानं शेंड्याकडून आधी करपली. झाड जास्तीचं मीठ जुन्या पानांत ढकलतं आणि नवी वाचवतं, त्यामुळे खालचं पान करपलं म्हणून घाबरू नये, वरचं करपलं तर घाबरावं. दोन गव्हांतला फरक गुणसूत्रांपर्यंत जातो. साध्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात, खपलीत आणि बन्सी गव्हात दोनच. तिसऱ्या, ‘डी’ संचावर असा एक गुण आहे की मुळातून वर निघालेलं सोडियम वाटेतच काढून घेतलं जातं, पानापर्यंत फार कमी पोचतं. खपलीला हा पहारेकरी नाही. इकडे भाव मात्र खपलीलाच जास्त, म्हणून ती अजून चांगल्या रानात घेतो.

एका कडेला बीट टाकलं. त्याची तऱ्हा उलटीच. ते सोडियम अडवत बसत नाही, आत घेऊन पेशीतल्या मोठ्या पिशवीत कोंडतं, आणि पिशवीबाहेरच्या पेशीरसाचा समतोल राखायला बीटेन नावाचा पदार्थ तयार करतं. एवढं चिवट पीक, पण उगवताना नाजूक! वाफ्यात रिकाम्या जागी पुन्हा बी टाकून नांग्या भराव्या लागल्या. मोठं झाल्यावर मात्र गव्हापेक्षा हिरवंगार.

मग ऊस. तो या सगळ्यांत कच्चा. संपृक्त अर्काची क्षारता 1.7 च्या पुढे गेली की लगेच उत्पादन घटायला लागतं, बार्ली 8 पर्यंत तग धरते. को 86032 या वाणाऐवजी पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा फुले 265 निवडला, क्षारपड रानासाठी त्याची शिफारस आहे. उगवण बरी झाली, पण खालच्या सरीत केवडा पडला, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. मातीत लोह असतं, पण सामू एवढा चढला की ते विरघळत नाही. गवत कुळातली पिकं यावर मुळातून एक पदार्थ सोडतात, तो लोहाला धरून आत आणतो. बार्ली तो भरपूर सोडते, काही पिकं अगदी जेमतेम. नुसतं हिराकस (लोहाचं खत, फेरस सल्फेट) मातीत टाकलं तर तेही अडकून पडतं, म्हणून शेणखतात मुरवून सरीत दिलं आणि वर फवारणीही घेतली. पुढची पानं हिरवी निघाली.

यातलं काहीच झाड फुकट करत नाही. सोडियम बाहेर ढकलणं, कोंडणं, बीटेन तयार करणं, सगळ्याला साखर खर्च होते आणि ती कांड्यातून वजा होते. म्हणून वाण बदलून भागत नाही, निचरा चालू ठेवावाच लागतो. पाइपांची तोंडं पावसाळ्याआधी साफ करतो आणि पाणी सरीआड देतो. खालचा कोपरा अजून हरळीकडेच आहे. तिथली माती पुन्हा तपासायला दिली आहे. विनिमयक्षम सोडियम 15 टक्क्यांच्या खाली आलं असेल तर तिथे गहू, नाहीतर परत धैंचा.