रांग संपते का?

चवथीच्या तोंडावर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावरून फोन आला. "दादा, सकाळपासून नोंदी जात नाहीत, नुसतं चक्र फिरतंय." प्रोग्राम मी लिहिलेला. पणजीत दोन दिवस चाचण्या घेतल्या, सगळ्या पास.

शेवटी ठरवलं, आता नोंदी पाठवणारा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, थांबतो हे सिद्धच करायचं. कुठलाही प्रोग्राम दिला तरी तो थांबेल की नाही हे हमखास सांगणारी पद्धत असूच शकत नाही, हे गणिती अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ साली दाखवलं. पण वाटही त्यानेच १९४९ साली सांगितली: दर फेरीला घटणारी आणि अनंतकाळ घटत राहू न शकणारी राशी शोधा. आजची साधनं साध्या लूपसाठी ती स्वतःच हुडकतात. मी डॅफ्नी घेतलं, म्हणजे प्रोग्राम लिहिता लिहिता तो बरोबर असल्याची सिद्धता तपासणारी भाषा.

लूप असा: रांगेतली पहिली नोंद पाठवायची. गेली तर रांग एकाने कमी. नाही गेली तर उरलेल्या ३ प्रयत्नांतला एक कमी. डॅफ्नीला आपणहून राशी सापडेना. बरोबरच होतं, फसलेल्या प्रयत्नात रांग घटत नाही. मग मी जोडी दिली: आधी रांगेची लांबी, मग उरलेले प्रयत्न. लांबी घटली की प्रयत्न पुन्हा ३ झाले तरी चालतं. शब्दकोशातल्या क्रमासारखं, आधी पहिलं अक्षर बघायचं.

तरीही नकार. तासभर मी साधनालाच दोष दिला. मग प्रोग्रामच्या ज्या फांदीवर, म्हणजे 'असं झालं तर हे कर' या वाटेवर, ते अडत होतं ती नीट वाचली. प्रयत्न संपले की मी नोंद रांगेच्या शेवटी टाकत होतो आणि प्रयत्न परत ३ करत होतो. म्हणजे लांबी तीच आणि प्रयत्न वाढलेले. पणजीत नेट असल्यामुळे त्या फांदीवर कधी जाणंच झालं नव्हतं. सत्तरीत पावसाने नेट गेलं की प्रोग्राम तिथेच गरगरत राहणार. एवढी नेमकी चूक मला कुठल्याच चाचणीने दाखवली नव्हती.

अशा नोंदींसाठी वेगळी यादी केली, रांग घटू लागली, आणि सिद्धता लगेच मिळाली. एक गोष्ट मात्र या सिद्धतेत गृहीत आहे: प्रत्येक 'पाठव' कधीतरी परत येतं. म्हणून त्याला १० सेकंदांची मर्यादा घातली. केबल काढून ४० नोंदींवर चालवलं. १२० प्रयत्न, जास्तीत जास्त २० मिनिटं, आणि लूप थांबला. चाळीसही नोंदी वेगळ्या यादीत सुखरूप होत्या.