आगीपासून रक्षण, स्मोक अलार्मसकट

३१ जानेवारीच्या संध्याकाळी शेजारच्या आजी दारात उभ्या. हातात ओल्या लव्हाळ्यांची जुडी. "कापायची नसतात, उपटायची असतात," आत येता येताच सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सेंट ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीचा सण, आणि आम्ही राहतो आयर्लंडमधल्या किल्डेअरमध्ये, म्हणजे तिच्याच गावी. २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टीही मिळते, त्यामुळे माझी तक्रार नाही.

आमच्या ओट्यावर त्यांनी त्या लव्हाळ्यांचा ब्रिजिडचा क्रॉस विणला. एक काडी उभी, दुसरी दुमडून तिच्यावर आडवी, मग सगळं पाव फेरा वळवायचं, पुन्हा एक काडी. मधे चौकोन घट्ट होत जातो, चार हात फुटतात, टोकं दोऱ्याने बांधायची. माझ्या काड्या सारख्या निसटत होत्या. पिठोरी अमावास्येला आजोबा दर्भ घेऊन येत, त्याची पवित्रकं वळताना मला जवळपास फिरकू देत नसत, ते का हे आत्ता कळलं.

हा क्रॉस घराला आगीपासून वाचवतो म्हणे. ज्या घरात माझ्या धुपाने स्मोक अलार्म बोंबलला आणि मालकाकडून लेखी समज आली, त्याच घरात! मी तो मुद्दाम अलार्मच्या बरोब्बर खाली टांगला.

आता मनातलं बोलतेच. गाडीला लिंबू-मिरची बांधली तेव्हा ऑफिसातल्या एकाने "हे सॅलड कुणाचं?" म्हणून अख्खी टीम हसवली होती. हाच गृहस्थ रस्त्यात एकटा मॅगपाय पक्षी दिसला की सॅल्यूट ठोकतो, नाहीतर दुःख पदरी येतं. बहिणीच्या लग्नाच्या आदल्या रात्री पाऊस पडू नये म्हणून याच्याच घरच्यांनी बाळ येशूची मूर्ती, 'चाइल्ड ऑफ प्राग', बागेत कुंपणाखाली ठेवली होती. ती परंपरा, आणि माझं सॅलड. माझाही तसा विश्वास वगैरे नाही हं. आईला फोटो पाठवायचा असतो, एवढंच. (फोटो पाठवून आठ महिने झाले. लिंबू दर शनिवारी बदलतेय.)

आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या कित्येक वर्षांचे वाळके क्रॉस ओळीने आहेत, एकही टाकलेला नाही. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "जुन्या लिंबाचं काय करतेस?"

आपल्याकडे ते रस्त्यावर जातं आणि लोक वळसा घालतात. इथे तसं केलं तर दंड. म्हटलं, तपकिरी बिनमध्ये, ओल्या कचऱ्यात.

आजींचा चेहरा पडला. "कचऱ्यात?"