शाराकूचा नट आणि अभ्रकाची चमक

जपानमध्ये निक्को पाहिलं, कामाकुरा पाहिलं, दोन्ही सुरेख. पण लिहायचंय ते टोकियोतल्या उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या एकाच चित्राबद्दल.

दुसऱ्या मजल्यावरच्या उकियो-एच्या दालनात उजेड अगदी मंद असतो. लाकडी ठशांनी छापलेल्या या चित्रांचे रंग प्रकाशाने उडतात. तिथे शाराकू या चित्रकाराने १७९४ साली काढलेला नट सेगावा तोमिसाबुरो होता, स्त्रीवेशात. काबुकी या जपानी नाट्यप्रकारात बायकांना १६२९ मध्येच बंदी झाली आणि नायिकाही पुरुषच करू लागले. बाकीचे चित्रकार अशा नटाला सरळ सुंदरी करून टाकत. शाराकूने त्याचा लांबुळका चेहरा, बारीक डोळे, पुरुषी जबडा तसाच ठेवला. बालगंधर्वांचे फोटो बघत वाढलेल्या मला गलबलून आलं. बाई होण्यासाठी हा माणूस किती खपत असेल!

नीट बघायला गुडघ्यात वाकलो आणि नटामागची काळपट जागा एकदम चमकली. अभ्रकाची पूड! पुस्तकातल्या छपाईत ती नुसती करडी दिसते. मी पुन्हा उभा राहिलो, पुन्हा वाकलो. शेजारच्या जपानी आजी माझ्याकडे बघत होत्या. मग त्याही वाकल्या, "आऽ" म्हणाल्या आणि आम्ही दोघं हसलो. एकमेकांची भाषा येत नसताना इतकी छान सोबत मला प्रवासात क्वचितच मिळाली आहे.

शाराकूची कारकीर्द जेमतेम दहा महिन्यांची, चित्रं मात्र १४०च्या वर. प्रकाशक त्सुताया जुझाबुरो. हा शाराकू नेमका कोण, यावर वाद अजून चालू आहेत. नटांना फार खरं काढायला गेला म्हणून टिकला नाही, असं त्याच्याच काळातल्या ओता नाम्पो या लेखकाने लिहून ठेवलंय. मला ते पटतं. आवडत्या नटाचं चित्र विकत घेणाऱ्याला त्याचा जबडा कशाला हवा असेल? बोटं फाकवलेला एदोबेई, म्हणजे काबुकीतल्या एका पात्राच्या वेशातला नट, आज त्याचं सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे. पण माझ्या मते शाराकूची खरी हिंमत दिसते ती तोमिसाबुरोत.

संध्याकाळी गिन्झाच्या काबुकी-झा नाट्यगृहात एका अंकाचं स्वस्त तिकीट काढलं. ही जागा चौथ्या मजल्यावर. लाकडी ठोकळ्यांचा कडकडाट झाला, नट पोझ घेऊन थिजला, प्रेक्षकांतून त्याच्या घराण्याच्या नावाची आरोळी उठली आणि अंगावर काटा आला. पण स्त्रीभूमिकेतल्या नटाचा चेहरा तिथून काही केल्या दिसेना आणि मला तर तोच बघायचा होता. पैसे वाचवायचे तर जेवणात वाचवा, तिकीट खालच्या मजल्याचंच काढा. आणि उएनोला जाण्याआधी कोणती चित्रं लावली आहेत ते तपासा, ती साधारण महिन्याने बदलतात.