तुम्ही विचारलंत म्हणून: साखरपुड्याची अंगठी

मालवणात आमच्या पेढीवर साखरपुड्याच्या खरेदीला माणसं येतात, तेव्हा बोटाचं माप घेता घेता कोणीतरी विचारतंच, "अंगठी डाव्या हाताच्या अनामिकेतच का? आणि ही पद्धत आपली की साहेबाची?" गिऱ्हाइकांच्या गर्दीत उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

डाव्या हाताचं मूळ रोमन लोकांत सापडतं. ऑलस गेलियस या दुसऱ्या शतकातल्या लेखकाने इजिप्तच्या लोकांचा हवाला देऊन लिहिलंय, की या बोटातून एक बारीक नस थेट हृदयापर्यंत जाते. शरीरात अशी वेगळी नस नाही, तरी समजूत आजवर टिकली. ती सगळीकडे पाळतात असंही नाही. जर्मनी, ग्रीस, रशियात लग्नाची अंगठी उजव्या हातात घालतात. गेलियसच्याही आधीच्या शतकात प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, की वाग्दत्त वधूला अंगठी पाठवायची ती लोखंडाची, बिनखड्याची. जन्म सोन्यात गेला तरी मला ही लोखंडी अंगठी फार मोठी वाटते. मोल धातूचं नव्हतं, दिलेल्या शब्दाचं होतं. हिऱ्याशिवाय साखरपुडा कसा, असं वाटणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. 'हिरा म्हणजे कायमचा' ही डी बिअर्स कंपनीची जाहिरात १९४७ सालची आहे. हिऱ्यासाठी कर्ज काढू नका, हे मी पेढीवर बसूनही सांगतो.

आपल्याकडे लग्नाची खूण म्हणजे गळ्यातलं मंगळसूत्र आणि पायातली चांदीची जोडवी. अंगठीचा मान वेगळा होता, ती ओळख पटवायची. अशोकवनात मारुतीने सीतामाईपुढे रामाची मुद्रिका ठेवली, तेव्हा तिचा विश्वास बसला. शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटात कोळ्याला मिळाली, तेव्हा राजाला आठवण झाली. आणि अनामिका म्हणाल, तर धर्मकार्यात दर्भाचं पवित्रक आपण त्याच बोटात घालतो, फक्त उजव्या हाताच्या. म्हणजे बोट परकं नाही. साखरपुड्यात दोघांनी एकमेकांना अंगठी घालणं मात्र अलीकडचं. मला ते मनापासून पटतं. बाकीच्या सगळ्या खुणा तिच्याच अंगावर, ही एकच दोघांच्या. साहेबाकडेही नवऱ्याने अंगठी घालणं फार जुनं नाही. दुसऱ्या महायुद्धात घरापासून लांब गेलेल्या सैनिकांमुळे ते रुळलं.

दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या अंगठ्या मी आधी उलट्या करून बघतो. वरची नक्षी शाबूत असते, पण तळहाताकडची बाजू विळीच्या पात्यासारखी पातळ झालेली असते. कळशी, पाटा-वरवंटा, कोयत्याची मूठ, सगळं त्याच बाजूने धरलेलं. तेवढा झिजलेला तुकडा कापून नवी पट्टी बसवायची, टाकणखार लावून डाक द्यायचा, म्हणजे सांधा वितळत्या धातूने जोडायचा, कानशीने सारखं करायचं. हे काम मी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. पूर्ण अंगठी आटवून नवी करा म्हणणारे असतात. त्यांना मी एकदा तरी थांबवतो.

होडीवर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जाळं ओढताना अंगठी दोरीत अडकली, तर बोट सोलून निघतं, कधी तुटतंही. समुद्रावर जाताना ती काढून देवापाशी ठेवा. यात कसलाही अपशकुन नाही. अशा घरांसाठी मी खडा सुचवत नाही. साधं गोल वळं करतो, कडा आतून घासलेल्या, म्हणजे काढताना ओढाताण होत नाही.

आणि मापाला दोघंही या, उन्हं उतरल्यावर. आपल्या दमट हवेत दिवसभराच्या कामाने बोटं थोडी सुजतात. सकाळी घेतलेल्या मापाची अंगठी संध्याकाळी रुतते.